सर्दीसाठी घरगुती शॉवर स्टीमर: बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात ते कसे वापरावेत?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दिवाळी सरली की आमच्या मोर्शीकडच्या गावांत पहाटेचा गारठा वाढतो, कापूस वेचायला जाणारी माणसे धुळीत आणि दवात उभी असतात, आणि मग घराघरांत नाक चोंदणे सुरू होते. अशा दिवसांत उपयोगी पडणारी शॉवर स्टीमर नावाची सुगंधी वडी घरी करता येते. तिची कृती येथे देते आणि शेवटी एक प्रश्न विचारते.

साहित्य साधे आहे. २०० ग्रॅम खाण्याचा सोडा, १०० ग्रॅम लिंबूसत म्हणजे सायट्रिक आम्ल, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, ५ ग्रॅम पुदिन्याचे फूल म्हणजे मेन्थॉलचे खडे, आणि एक लहान चमचा निलगिरी तेल. एवढ्यात मध्यम आकाराच्या सातआठ वड्या होतात. सोडा आणि लिंबूसत किराणा दुकानात मिळतात, मेन्थॉलचे खडे तालुक्याच्या जडीबुटीच्या दुकानात, आणि निलगिरी तेल औषधाच्या दुकानात. सोडा घेताना तो खाण्याचाच घ्यावा. धुण्याचा सोडा आणि पापडखार हे निराळे क्षार आहेत आणि ते येथे चालत नाहीत.

सोडा, लिंबूसत आणि कॉर्नफ्लोअर चाळून कोरड्या भांड्यात एकत्र करावे. भांडे काचेचे किंवा स्टीलचे असावे. पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्यावर आम्लाची क्रिया होते. मेन्थॉलचे खडे निलगिरी तेलात टाकून ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली की खडे थोड्याच वेळात विरघळतात. हे काम चुलीजवळ किंवा गॅसच्या ज्योतीजवळ करू नये, कारण दोन्ही पदार्थ पेट घेतात. खिडकी उघडी ठेवावी आणि वाटीवर वाकून पाहू नये, कारण मेन्थॉलची वाफ डोळ्यांना फार झोंबते. हे तेल कोरड्या मिश्रणात चोळून घ्यावे आणि मग फवारणीच्या लहान बाटलीने पाण्याचे अगदी बारीक तुषार मारत हात चालवत राहावे. पाणी एकदम पडले तर सोडा आणि आम्ल तेथल्या तेथे फसफसून जातात आणि वडीत काही उरत नाही. मूठ दाबली असता रव्याच्या लाडवाप्रमाणे गोळा टिकला, की पाणी पुरे झाले असे समजावे. मग साच्यात घट्ट दाबून भरावे आणि सावलीत दिवसभर वाळू द्यावे.

आता प्रश्न. ही वडी शॉवरच्या गरम पाण्याखाली, बंद बाथरूमच्या फरशीवर ठेवण्यासाठी बनलेली आहे. आमच्याकडे न्हाणी आहे, वर टिनाचे छप्पर आणि भिंतीला झरोका आहे, आणि पाणी चुलीवरच्या गंजातून म्हणजे मोठ्या पातेल्यातून बादलीत येते. अशा ठिकाणी ही वडी कशी वापरावी? बादलीत टाकावी काय?

पूर्णाकाठ

रानजाईताई, कृती नेमकी आहे. बादलीत मात्र मुळीच टाकू नये. मेन्थॉल आणि निलगिरीचे हे प्रमाण हवेत पसरण्यासाठी आहे, अंगावर ओतण्यासाठी नाही. ते पाणी डोळ्यांत किंवा नाजूक त्वचेवर गेले तर आग होते, आणि मेन्थॉलमुळे अंगाला थंडी वाजल्यासारखे वाटते, जे थंडीच्या पहाटे कोणालाच नको असते. बादलीत विजेचा रॉड असेल तर आणखी एक कारण आहे: पाण्यात क्षार विरघळले की वीजवहन वाढते, आणि आमच्या खारपाणपट्ट्यातले पाणी तर आधीच क्षारयुक्त आहे.

मूळ मुद्दा असा आहे की वाफ ही वडीतून येत नाही. वाफ गरम पाण्याची असते आणि वडी तिला फक्त वास देते. सोडा आणि आम्ल यांच्यातून निघणारा वायू कार्बन डायऑक्साइड आहे आणि त्याला सर्दीवर काही गुण नाही. फसफसण्यामुळे एवढेच होते की वडी हळूहळू फुटत जाते आणि आतले तेल एकदम न निघता थोडे थोडे बाहेर येते. शॉवर असलेल्या घरात हे सोयीचे आहे, कारण तेथे पाणी सतत पडत असते आणि चारही भिंतींत वाफ कोंडलेली असते. आपल्या न्हाणीत पाणी तांब्यातांब्याने पडते आणि वाफ झरोक्यातून निघून जाते. म्हणून फरशीवर ठेवलेली वडी एकतर कोरडी राहील किंवा विसणलेल्या कोमट पाण्याने फसफसून वाहून जाईल, आणि वास नाकापर्यंत पोहोचणार नाही.

उपाय सोपा आहे. आंघोळीच्या जागेपासून दोन हात लांब, पाय लागणार नाही अशा कोपऱ्यात स्टीलचे पसरट भांडे ठेवावे आणि त्यात अर्धी वडी टाकावी. विसण घालण्याआधीचे, गंजातले कडक पाणी त्यावर एक तांब्या ओतावे आणि आंघोळ सुरू करावी. पाच मिनिटांनी वास मंदावला तर आणखी थोडे कडक पाणी ओतावे. भांडे जमिनीवरच असावे, स्टुलावर किंवा कठड्यावर नको, कारण ते अंगावर सांडले तर सर्दीपेक्षा मोठे दुखणे होईल.

नांगरट

पूर्णाकाठभाऊंचे म्हणणे पटले, पण मग एक शंका उरते. वाफ गरम पाण्याचीच असेल आणि आपण कडक पाण्याचे भांडेच ठेवणार असू, तर सोडा आणि आम्ल यांचा खटाटोप कशासाठी? त्या भांड्यात निलगिरी तेलाचे चार थेंब टाकले तर तेच होणार नाही काय? आमची आजी धुऱ्यावरच्या म्हणजे शेताच्या बांधावरच्या निरगुडीचा पाला गंजात उकळून तो गंज न्हाणीत ठेवायला सांगते, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

पूर्णाकाठ

नांगरटदादा, शंका योग्य आहे. बादलीच्या घरात तेलाचे थेंबही तेच काम करतात आणि निरगुडीचा पालाही आपल्या परीने करतो. मला वडीचा फायदा दोनच ठिकाणी दिसतो. एक म्हणजे प्रमाण ठरलेले असते. बाटलीतून चार थेंबांऐवजी चमचाभर तेल पडले तर सगळ्या घराचे डोळे झोंबतात. अर्धी वडी ही अर्धीच वडी असते. दुसरे म्हणजे बाटली उघडी राहिली की तेल उडून जाते. वडी डब्यात बंद राहते आणि सर्दी झालेल्या शेजाऱ्याला दोन वड्या कागदात बांधून देता येतात. याहून मोठा दावा कोणी करत असेल, तर तो विक्रीसाठी आहे असे मी समजतो.

औषधीमित्र

मी औषधांच्या क्षेत्रात काम केलेला माणूस आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्टपणे लिहितो.

पहिली गोष्ट परिणामाची. सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुतेकांची सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. वाफेने किंवा सुगंधी तेलाने ती लवकर जाते असे सिद्ध झालेले नाही. मेन्थॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते ते खरे आहे, परंतु त्या वेळी नाकातून जाणारी हवा मोजली तर तिच्यात फारसा फरक पडलेला नसतो. शरीरात थंडी ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन) आहे आणि मेन्थॉल त्यालाच चेतवते, त्यामुळे आत जाणारा प्रत्येक श्वास गार आणि मोकळा भासतो. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशा ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भास असला तरी तो निरुपयोगी नाही. रात्रभर तोंडाने श्वास घेऊन थकलेल्या माणसाला सकाळी दहा मिनिटे बरे वाटले तर तेही काही कमी नाही. फक्त त्यालाच उपचार समजून कोणी ताप अंगावर काढू नये.

दुसरी गोष्ट मुलांची. दोन वर्षांखालील बालकांच्या जवळ मेन्थॉल आणि कापूर वापरू नये. लहान बाळाच्या नाकाशी तीव्र मेन्थॉल गेले तर श्वासनलिकेचे तोंड आकसून श्वास अडू शकतो, आणि कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात. निलगिरी तेल तर काही मिलिलिटर गिळले तरी मुलाची शुद्ध हरपू शकते. म्हणून मोदकाच्या किंवा बर्फीच्या साच्यात या वड्या करू नयेत आणि त्यांत खायचा रंगही घालू नये. पांढरी, गोल, छान वासाची वडी ताटलीत वाळत असेल तर दोन वर्षांचे मूल ती तोंडात घालणारच. बर्फाचा जुना साचा घ्यावा, तो पुन्हा स्वयंपाकाकडे नेऊ नये, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत "खायचे नाही" असे लिहावे. बाळाला सर्दी असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे तयार थेंब आणि अंगावरचे दूध, एवढेच पुष्कळदा पुरते. बाळ दूध ओढत नसेल किंवा छाती आत ओढत असेल तर मात्र दवाखान्यात न्यावे.

दमा असलेल्यांनीही सांभाळावे. तीव्र वासाने काहींचा दमा उसळतो, आणि तो कोणाचा उसळेल हे आधी सांगता येत नाही.

झाडीपट्टी

औषधीमित्रकाकांच्या लिहिण्यात आमच्या पूर्व विदर्भाच्या दृष्टीने एक भर घालते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. अशा रुग्णाला गारठा बाधतो, थंड पाण्याच्या आंघोळीनेही वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि सर्दीबरोबर ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर ते फुप्फुसाच्या गंभीर त्रासाचे लक्षण असू शकते. त्या घरात वडी, वाफ, काढा यांत एक दिवसही घालवू नये आणि सरळ रुग्णालय गाठावे. गरम पाण्याची आंघोळ त्यांना चालते, पण न्हाणीतून बाहेर आल्यावर ओल्या अंगाने अंगणात थांबू नये. वडीपेक्षा कोरडा टॉवेल जवळ ठेवणे महत्त्वाचे आहे.

नांगरट

आणखी एक विचारतो. आमच्या घरी अमृतधारा करून ठेवलेली असते. पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि कापूर समभाग एका बाटलीत घातले की काही न करता त्याचे पाणी होते. निलगिरीऐवजी तीच वडीत घातली तर चालेल काय?

औषधीमित्र

चालते, आणि त्यामागचे कारणही छान आहे. हे तिन्ही पदार्थ वेगवेगळे असताना घन असतात, परंतु एकत्र आले की मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली जातो, म्हणून खडे आपोआप द्रव होतात. वेगळे वितळवण्याची गरजच उरत नाही, आणि ज्योतीजवळचा धोका टळतो. मात्र ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल त्वचेला आणि डोळ्यांना बरेच तीव्र लागते, म्हणून ताईंच्या कृतीतले मेन्थॉल आणि निलगिरी दोन्ही वगळून त्यांच्या जागी अमृतधारेचा एकच लहान चमचा घ्यावा, आणि हाताने चोळताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी. ज्या घरात लहान मूल आहे तेथे कापूर असलेली वडी करूच नये. मोठ्यांसाठीसुद्धा पूजेच्या वड्यांचा कापूर घेऊ नये, कारण तो जाळण्यासाठी विकला जातो आणि त्यात आणखी काय मिसळलेले आहे ते पाकिटावर लिहिलेले नसते.

संत्रेवाली

आमच्याकडे हंगामात संत्र्याच्या साली ढिगाने निघतात. त्या वाळवून दळल्या आणि वडीत घातल्या तर लिंबूसताचा खर्च वाचेल काय?

पूर्णाकाठ

वाचणार नाही, संत्रेवालीबाई. वडी फसफसायला आम्ल लागते, आणि ते सालीत नगण्य असते. लिंबाच्या रसातसुद्धा सायट्रिक आम्ल पाचसहा टक्केच असते, आणि रस म्हणजे पाणीच असल्याने तो मिश्रणात घातला तर सगळे आताच फसफसून जाईल. सालीत असते ते सुगंधी तेल, आणि त्यातील ९० टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिन नावाच्या द्रव्याचा असतो. वास प्रसन्न असतो, पण मेन्थॉलसारखी गार जाणीव त्याने होत नाही. भुकटी घातली तर तिचा गाळ न्हाणीच्या नालीत बसतो. साली घालायच्याच असतील तर ओल्या साली कडक पाण्याच्या भांड्यात तशाच टाकाव्यात. वडीत घालू नयेत.

संत्रेवाली

समजले. मग प्रमाणाबद्दल विचारते. न्हाणीत शहाबादी फरशी आहे आणि लिंबाने तिच्यावर डाग पडतात. वडीतल्या आम्लाने तसे होणार नाही ना?

पूर्णाकाठ

शहाबादी फरशी चुनखडकाची असते, त्यामुळे आम्ल तिला खाते हे खरे आहे. पण धाग्यातल्या कृतीत सोडा जास्त आहे. हिशेब केला तर १९२ ग्रॅम कोरड्या सायट्रिक आम्लाला २५२ ग्रॅम सोडा नेमका पुरतो, ना उरतो ना कमी पडतो, म्हणजे १०० ग्रॅम आम्लाला साधारण १३१ ग्रॅम. आपण २०० ग्रॅम घेतो, म्हणून पूर्ण विरघळल्यावर पाण्यात आम्ल शिल्लक राहत नाही, उलट सोडाच उरतो. जास्त सोड्यामुळे वडी सावकाश विरघळते, हेही आपल्याला हवेच आहे. फरशीला खरा धोका तेलाचा आहे, तोही डागाचा नव्हे तर घसरण्याचा. भांड्यातले पाणी फरशीवर न ओतता थेट नालीच्या तोंडाशी ओतावे आणि मागून साबणाचे पाणी टाकावे. म्हाताऱ्या माणसांच्या घरात एवढे तरी पाळावेच.

रानजाई (धागाकर्ती)

सर्वांच्या उत्तरांनी भांड्याचा मार्ग पक्का झाला. न्हाणीचा झरोका पोत्याने बंद करून वाफ कोंडावी, असे गावातल्या काही घरांत करतात. त्याबद्दल काय मत आहे? आमच्या गावात आता दोनतीन घरांत गॅस गिझरही आले आहेत.

औषधीमित्र

पूर्ण धाग्यात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. गॅस गिझर, कोळशाची शेगडी, आत ठेवलेला बंब, किंवा न्हाणीला लागून असलेली चूल, यांपैकी काहीही असेल तर झरोका कधीही बंद करू नये. बंद जागेत ज्वलनाला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही आणि वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते, पाय उचलत नाहीत, आणि माणूस कडी काढण्याआधीच बेशुद्ध पडतो. आंघोळीला गेलेली धडधाकट माणसे अशी दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्यात शॉवर स्टीमरच्या बहुतेक कृतींत "दार-खिडकी घट्ट बंद करा" असे लिहिलेले असते. ज्या देशांत पाणी तळघरातल्या टाकीतून तापून येते तेथे ते ठीक असेल. न्हाणीतच ज्योत पेटत असलेल्या घरात तो सल्ला जीवघेणा आहे.

गॅस गिझर असेल तर तो न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा. तोवर बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार काही वेळ उघडे ठेवावे, आणि मग आंघोळीला जावे. वाफ थोडी निघून गेली तर जाऊ द्यावी. भांड्याच्या जरा जवळ बसले की वास पुरेसा येतो. चक्कर किंवा मळमळ वाटली तर ते निलगिरीने झाले असेल असे समजून बसून राहू नये, लगेच बाहेर यावे.

झाडीपट्टी

शेवटचे एक साठवणीबद्दल. हिवाळ्यात केलेल्या वड्या पावसाळ्यापर्यंत टिकतात काय?

रानजाई (धागाकर्ती)

झाडीपट्टीताई, आपल्या हिवाळ्याची हवा कोरडी असल्यामुळे डिसेंबर-जानेवारी हा वड्या करायला सर्वांत चांगला काळ आहे. त्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात, थर्माकोल किंवा पातळ प्लास्टिकमध्ये नको, कारण तेल त्यांना खाऊन टाकते. उन्हाळ्याची अडचण वेगळी आहे. मेन्थॉल साधारण ४२ ते ४५ अंशांना वितळते, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालची खोली याहून तापते. त्या वेळी वडी तेलकट होते, तेल डब्याच्या तळाशी उतरते, आणि वरच्या वड्यांत वास उरत नाही. जुलैत हवेतला ओलावा उरलेले काम करतो. झाकण सैल असेल तर वड्या न वापरताच फुगून भुगा होतात. म्हणून होळीपर्यंत संपतील एवढ्याच कराव्यात. पावसाळ्यातल्या सर्दीसाठी सोडा आणि लिंबूसत कोरडे, वेगवेगळ्या डब्यांत ठेवावे, आणि लागेल तेव्हा दोन चमचे सोडा, एक चमचा लिंबूसत आणि निलगिरीचे चार थेंब पसरट भांड्यात घालून त्यावर कडक पाणी ओतावे. वडी वळायची गरजच नाही.